अंडेसर आणि मोसंबीची साल

“ड्रायव्हर, हळू! आत जीव हाये!”

मंठ्याहून जालन्याला येणारी एसटी खड्ड्यात उतरली आणि आमचे अंडेसर असे ओरडले, की परतूरपर्यंतचे बैल बुजले असतील. मांडीवर टोपली, टोपलीत भुसा, भुशात गावरान अंडी. कंडक्टर म्हणाला, “सर, जीव हाये तर हाफ तिकीट फाडू का?”

“फाड. पण गाडी बराबर चालू दे.”

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी मराठी. त्यांचा उद्योग असा: उबवलेल्या अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर मोसंबीच्या सालीच्या अर्काचा थेंब टाकायचा आणि रक्तवाहिन्या वाढतात की थबकतात ते भिंगातून पाहायचं. सालीतल्या त्या द्रव्यांना ते ‘फ्लेव्होनॉइड’ म्हणायचे, तेही सासऱ्याचं नाव घ्यावं तशा अदबीनं.

लाईट गेली की उबवणीची पेटी थंड पडायची. मग सरांनी प्रयोगशाळेत चक्क खुडूक कोंबडी आणून अंड्यांवर बसवली. तिनं प्राचार्यांना टेबलावर चढवलं. बरं, खुर्चीवर, पण चढवलं. सर शांतपणे म्हणाले, “साहेब, लाईट येईस्तोवर ती ड्युटीवर हाये.”

हे सगळं वेड वहिनींपायी, म्हणजे सरांच्या बायकोपायी होतं. शुगरमुळे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नको तिथं नव्या, कच्च्या शिरा उगवत होत्या. त्यातली एखादी फुटली, की नजरेत रक्त उतरायचं आणि वहिनी भिंतीला हात लावत चालायच्या.

एका दुपारी सरांनी मला भर तासातून ओढून नेलं. भिंगाखाली लाल शिरांचं दाट जाळं, आणि थेंबाभोवती तेवढं सारवल्यासारखं मोकळं अंगण. एकही शीर आत शिरली नव्हती. मी तासाभरात अख्ख्या जालन्याला बातमी दिली. संध्याकाळी आष्टीचा एक बागवाला सरांच्या दारात मोसंब्यांचं पोतं टाकून गेला.

वहिनी म्हणाल्या, “अहो, करा की सालीचा काढा. कितीबी कडू लागू द्या, पिते मी.”

जन्मात बायकोवर आवाज न चढवलेला माणूस कडाडला, “अगं, तू अंडं न्हाईस!”

मग एकदम खाली बसले. “अंड्यात शिरा थांबल्या. तुझ्या डोळ्यात काय होईल, कुणाला ठावं? एखादी फुटली मंग? औरंगाबादला जाऊ. लेझर करू.”

लेझरनं उजवा डोळा राहिला. डावा गेला.

रिटायर झाल्यावर सर रोज वहिनींना पेपर वाचून दाखवायचे. बाजारभावसुद्धा असे आळवून, की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबत. वहिनी हसून हसून म्हणायच्या, “पुरे की आता, तूर उतरली ना?”

एकदा त्या चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मी हळूच विचारलं, “सर, तेव्हा साल दिली असती, तर डावा वाचला असता का?”

सरांनी पेपरची घडी घातली.

“माहीत न्हाई.”