मिश्रीवाल्या आजी आणि आमचा अभ्यास

कॅन्सर कुणाला होतो आणि का होतो, हे शोधणाऱ्या एका अभ्यासासाठी मी घरोघर हिंडायचे. धडधाकट माणसं गाठायची, खाणंपिणं, कामधंदा, व्यसनं विचारायची, वजन-कंबर मोजायची, तोंड तपासायचं आणि दरवर्षी पुन्हा जायचं.

पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत मूळ गावकऱ्यांचं एक घर होतं. त्यांच्याच शेतावर ती इमारत उभी राहिलेली. सासूबाई नऊवारीतल्या. मी टेप कंबरेला लावली तशी म्हणाल्या, "झंपराचं माप वर घेत्यात, बाई."

"आजी, तंबाखू खाता?"

"न्हाई. कदीच न्हाई." बोलताना बोट तोंडातच होतं; मिश्री लावणं चाललं होतं.

"मग ही मिश्री?"

"ही व्हय? ही दातांची हाय."

"तंबाखू भाजूनच करतात ना?"

"भाजल्यावर तंबाखू ऱ्हाती व्हय त्यात?"

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "दिवसभर दातच घासत असतात."

पुढच्या वर्षी परत येईन म्हटल्यावर आजींनी मला नीट न्याहाळलं. "म्हंजी मला कॅन्सर कवा हुतोय, त्याची तू वाट बघणार?"

मी गडबडले. तसं पाहिलं तर त्या फारसं चुकीचं बोलत नव्हत्या. "होऊ नये म्हणूनच विचारतेय," एवढंच म्हटलं आणि तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. माझं हसू पळालं. सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण मिश्री चालू राहिली तर होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं. सुनेनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी गेले, तर आजींनी मिश्री सोडली होती आणि सोसायटीला धरलं होतं. वॉचमन दिसला की, "आ कर!" दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, कुणी सुटत नव्हता. सगळ्यांची तोंडं तपासून झालेली.

त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत होता. त्याचंही नाव आमच्या अभ्यासात घालायचं होतं. शिफ्ट संपवून आलेला तो मला लिफ्टपाशी भेटला आणि हळूच म्हणाला, "ताई, माझे प्रश्न इथं पार्किंगमध्येच विचारा. वर मला खरं बोलता येणार नाही."

मग एका स्कूटरवर कागद ठेवून मी त्याची मुलाखत घेतली. तंबाखूच्या दोन पुड्या खिशातच निघाल्या.