आमच्या बाळाचा चरबीचा रिपोर्ट

"ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेत," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातली चरबी. मला आधी खरंच वाटेना. नऊशे ग्रॅमचं बाळ, हाडाला नुसती कातडी चिकटलेली, त्याला चरबी कुठली?

नातू सातव्या महिन्यातच झाला होता. पनवेलच्या एका हॉस्पिटलात, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत होता. तो सोमवार होता आणि बाळ पाच दिवसांचं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आता खांदेश्वरला राहतो. सून स्नेहल बँकेत आहे. गरोदरपणात ती रोज चीज सँडविच खायची, ते माझ्या डोळ्यांत सलायचं. माझी जीभ तशी पहिल्यापासूनच तिखट. डॉक्टरांचं बोलणं ऐकलं आणि तडक तिच्या खाटेपाशी गेले. "तरी सांगत होते, चीज नको खाऊ. उतरलं ना पोराच्या रक्तात!"

तेव्हापासून तिनं चपातीला तूप लावू दिलं नाही. डिंकाचे लाडू डब्यातून तसेच परत यायला लागले.

मंगळवारी मी डॉक्टरांना गाठलं. "सूनबाईच्या खाण्यानंच झालं ना हे?"

"नाही आजी, आईच्या खाण्याचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "पूर्ण दिवसांचं बाळ चरबी नीट वापरू शकतं. याचं शरीर अजून तेवढं तयार नाही. पुरेसं दूध पचत नाही, म्हणून आम्ही शिरेतून लिपिड देतोय." लिपिड म्हणजे चरबीचंच, दुधासारखं पांढरं सलाईन. "तेच त्याला पेलत नाहीये. इन्फेक्शन असेल तरी वाढतं. लिपिड कमी करून परत तपासू."

मला सगळं कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. वॉर्डात आले तर स्नेहल पंपानं दूध काढत बसली होती. अगदी ओठावर आलं होतं, पण सांगितलं नाही. सुनेपुढे चूक कबूल करायचा कमीपणा वाटला. म्हटलं, बाळ घरी आलं की ती आपोआप विसरेल.

गुरुवारी चरबी खाली आली. मुलगा द्रोणागिरीच्या गोदामात कामाला असतो. त्यानं तिथून दोनदा फोन करून तेच विचारलं, "खरंच कमी झाली ना?" शुक्रवारी बाळाचा श्वास अडखळायला लागला. सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेलं इन्फेक्शन. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जिवाचं रान केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. शनिवारी सकाळी बाळ गेलं. त्याचं बारसंही झालं नव्हतं.

ज्यांच्या घरी असं कमी दिवसांचं बाळ आहे, त्या सासवांसाठी हे लिहितेय. रिपोर्टातला शब्द कळला नाही तर डॉक्टरांना विचारा. कळला की त्याच पावली बाळाच्या आईला जाऊन सांगा. मी सांगितलं नाही.

सांगितलं ते महिन्याभरानं, एका दुपारी. तिच्यासमोर बसले, डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं आणि हात जोडले.

"तुम्हाला हे कधी कळलं, आई?"

"मंगळवारी."

"म्हणजे चार दिवस होते," ती म्हणाली. "पेटीत हात घालून मी त्याला नुसती सॉरी म्हणत राहिले. लाड करायचे राहूनच गेले हो."