चांदणीला तीट

आमच्या खामगावात चांदीला मान आहे. सोन्याचं ज्याचं त्यानं बघावं, पण चांदी म्हटली की अख्खं गाव छाती पुढे काढतं. अशा गावात कापसाच्या बोंडाच्या टरफलांचे दागिने करून विकायला बसलं की लोक काय म्हणणार? शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "खोटे दागिने करून राह्यल्या म्हणे दोघी." मी म्हटलं, काकू, यात खोटं काही नाही, टरफल अगदी खरं आहे, हात लावून बघा. काकूंनी हात लावला, टोक बोटात घुसलं, आणि त्यानंतर आमच्या मालाच्या खरेपणाबद्दल त्यांनी कधी शंका काढली नाही.

धंदा माझा नव्हता, वहिनीचा होता. तिचं माहेर धामणगाव बढ्याचं. तिकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उभीच राहते, आणि तिच्यावर उघडलेली, वाळलेली, पाच पाकळ्यांची टरफलं. लोक ती चुलीत घालतात. वहिनीने ती पोत्यात घातली. घरी आणून जुन्या टूथब्रशने झाडली, टोकं काचपेपरने घासली, सोनेरी रंग दिला, मध्ये लाल मणी बसवून लाल दोऱ्यात ओवली. नाताळची चांदणी तयार. गळ्यात घाला, नाहीतर लहान बोंडाची कानात घाला. पुण्याच्या एका दुकानवाल्या बाईंनी फोटो बघितला आणि नाताळासाठी मोठी ऑर्डर दिली.

माझ्याकडे काम होतं बोलण्याचं आणि बांधण्याचं. म्हणजे फोन घ्यायचे, फोटो काढायचे, पुड्या बांधायच्या. एरवी मी आमच्या चळवळीच्या गटासाठी पत्रकं लिहिते. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, यावर मी पत्रक लिहिलं तेव्हा आमच्या गटातला एकजण म्हणाला, "प्रसाधनगृह असं लिही ना." मी म्हटलं, ज्याला लागली आहे त्याला प्रसाधनगृह आठवत नाही. मुतारीच छापलं. मुतारी अजून झालेली नाही, पण शब्द छापला गेला.

आता खोलीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं होतं. आमच्या घराला रस्त्याकडे उघडणारी एक समोरची खोली आहे. तिथे आधी जुन्या सायकली आणि दादाची न संपणारी वर्तमानपत्रं होती. वहिनीने ती साफ केली आणि तिथे कारखाना मांडला. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिच्या हक्काची म्हणजे कपाटातली एक फळी होती, आणि तिच्यावरही दादाचे मफलर असायचे. ही पहिली जागा, जिचं दार ती आतून लावू शकायची. दार लावून ती आत काम करायची, गाणी म्हणायची, कधीकधी काहीच करायची नाही. मला वाटतं ते शेवटचंच दादाला खुपलं.

"मोबाइल रिपेरिंगवाला खोली मागून राह्यला," दादाने जेवताना जाहीर केलं. "रस्त्यावरची जागा आहे. अशी टरफलं ठेवाले नसते कोणी वापरत."

"मंग काय करता?" वहिनी भाकरी थापत म्हणाली. मान वर नाही.

"नाताळ होऊ द्या. तोवर चालवून दाखवा. माल राह्यला तं मोबाइलवाला येईन."

मी लगेच उठले. घरातल्या बाईच्या श्रमाला आणि जागेला मोल नाही, हा निव्वळ अन्याय आहे, वगैरे बोलले. माझी वाक्यं आपोआप ठळक टाइपात येतात. दादा म्हणाला, "पत्रक नंतर वाट. भाजी दे." आणि वहिनी म्हणाली, "ताई, बसा. नाताळ तं होऊ द्या."

तर नाताळ. पुण्याचा माल रवाना झाला, आणि आठवड्याभरात बाईंचा फोन आला. आवाज गोड होता, त्यावरूनच मला कळलं काहीतरी बिघडलंय.

"एक विचारायचं होतं हं. प्रत्येक चांदणीत एक काळा मणी आहे. लाल मण्यांमध्ये, एका बाजूला. चुकून आलाय का?"

मी म्हटलं, बघते. समोरच डबा होता. एक चांदणी उचलली. काळा मणी. दुसरी, काळा मणी. सगळ्यांत, डाव्या बाजूला, बारीकसा. त्या सगळ्या पुड्या मी माझ्या हाताने बांधल्या होत्या आणि मला तो दिसला नव्हता. चळवळीतल्या माणसाला मोठं बघायची सवय असते, बारीक दिसत नाही.

"आणि अजून एक," बाई म्हणाल्या. "तुम्ही ज्या कागदात गुंडाळलंय ना, त्यावर काहीतरी छापलंय. वाचू का?"

मला वाचायची गरज नव्हती. मला ते पाठ होतं. मीच लिहिलं होतं. अंधश्रद्धेवरच्या आमच्या पत्रकाचे गठ्ठे उरले होते, ते माझ्या पलंगाखाली पडून होते, कागद पातळ आणि पाठ कोरी. पुड्या बांधायला यापेक्षा चांगला कागद खामगावात मिळाला नसता. पण बाईंनी वाचलंच. पुण्याच्या स्वच्छ उच्चारात माझं शीर्षक असं वाजलं की जणू बातम्यांत सांगताहेत: "नजर लागत नाही, अक्कल लागते." मग खालची ओळ: "काळा मणी घालून संकट टळत असतं, तर आपण काळ्या मण्यांच्या पोत्यात बसून परीक्षा दिल्या असत्या."

फोनवर कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"म्हणजे हे घालणाऱ्याला अक्कल नाही, असं तुमचंच म्हणणं आहे," बाई म्हणाल्या. "मी हे गिऱ्हाइकांना कसं देऊ?"

खरं सांगायचं तर बाईंचं चूक नव्हतं. माझ्यावर आजवर पुष्कळांनी टीका केली, पण माझ्याच मालाने माझ्याच पत्रकात बसून माझ्यावर टीका केली, असं पहिल्यांदाच झालं. माल परत आला. नाताळ तोंडावर.

मी तडक समोरच्या खोलीत गेले. वहिनी दोरा ओवत होती.

"वहिनी, हा काळा मणी काऊन घातला?"

"तीट आहे थे." तिने मला असं सांगितलं की जणू मी विचारलं, भाजीत मीठ काऊन घातलं. "चांगली दिसणाऱ्या वस्तूले तीट लावा लागते. लेकराले नाही का लावत गालाले."

"हे लेकरू आहे का? टरफल आहे."

"सोनेरी टरफल आहे. केवढं साजरं दिसते. कोणाची नजर बसली तं?"

"मी याच्या विरोधात पत्रक काढलंय, वहिनी. तुम्हीच त्यातली अक्षरं तपासली होती."

"अक्षरं तपासली. म्या कुठी म्हटलं पटलं म्हणून? वेलांटी चुकली होती, थे सांगितलं."

मी कात्री मागितली. सगळे काळे मणी कापून टाकू, नवे लाल बसवू. वहिनीने कात्री मांडीखाली घेतली.

"तीट काढली अन् काही झालं तं?"

"काय व्हायचं राहिलंय? तीट होती, तरी माल परत आला."

"आला नं? एवढ्या दूर जाऊन आला, एक चांदणी फुटली नाही. सारा माल सुखरूप घरी."

मी कॉलेजात वादविवादात बक्षिसं घेतलेली बाई आहे, पण कात्री मांडीखालीच राहिली.

दादाने परत आलेला खोका बघितला. नुसता त्यावर हात ठेवून उभा राहिला, जसा माणूस आपल्या म्हशीवर ठेवतो. मग म्हणाला, "मोबाइलवाला काउंटर करून ठेवून राह्यला." वहिनी त्या दिवशी खोलीचं दार लावून आत बसली आणि गाणं आलं नाही. मला तेवढं ऐकू येतं, बारीक असलं तरी.

मग मला सिस्टर आठवल्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातात पडून जगात आली, म्हणून निम्मं गाव त्यांना घाबरतं आणि उरलेलं त्यांच्याकडून इंजेक्शन घेतलेलं असल्यामुळे घाबरतं. नाताळाच्या आधीच्या रविवारी त्यांच्या चर्चच्या आवारात बायका विक्री मांडतात. केक, करंज्या, विणलेले स्वेटर, लिंबाचं लोणचं. मी त्यांना टेबल मागितलं. त्या म्हणाल्या, "ये. लोणच्याच्या बाजूले लाव. तेल सांडलं तं तुह्या मालावर नको सांडाले, एवढं पाह्य."

प्रार्थना संपली आणि बायका बाहेर आल्या. काठपदराच्या साड्या, गजरे, लेकरांच्या डोक्यावर लाल टोप्या. आमचं टेबल उन्हात होतं, त्यामुळे चांदण्या चमकत होत्या. वहिनी मागे उभी, पदर घट्ट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. एका बाईने चांदणी उचलली आणि लगेच तिचं बोट काळ्या मण्यावर गेलं. पुण्याला तो मणी चुकून आलाय असं वाटलं, खामगावात उचलताच ओळखला.

"ही तीट होय?"

वहिनीने मान हलवली.

"आपल्यात नाही चालत हे," ती बाई म्हणाली, पण चांदणी खाली ठेवली नाही.

"नाही चालत?" लोणच्याच्या बरणीमागून सिस्टरचा आवाज आला. "बाई, तुह्या दोन्ही लेकरायले म्याच काढलं. सव्वा महिन्यानं दवाखान्यात आणले तवा त्यायच्या गालाले काय होतं, शाई?"

"थे सासूनं लावलं होतं."

"अन् तुह्या नातवाच्या गालाले?"

आता सासू तीच होती. बाकीच्या हसायला लागल्या, आणि हसता हसता टेबलाभोवती आल्या.

"पण येशूच्या चांदणीले तीट?" मागून कोणीतरी म्हणालं. "बरं दिसते का?"

सिस्टरने बरणीचं झाकण लावलं, हात पुसले आणि सावकाश म्हणाल्या, "बाळ गोठ्यात होतं, अन् त्याले माराले निघालेल्या राजाची नजर त्याच्यावर होती. राजाची. तेवढी वाईट नजर अजून कोणाच्या लेकरावर पडली नाही. तवा कोणी तीट लावली असती तं म्या तं नसतं टोकलं."

त्या आधीच्या बाईने मला विचारलं, कदाचित मी शिकलेली दिसते म्हणून, "तुम्ही मानता का हे?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. अख्खी खोली त्या बघण्यात होती. दार, कडी, सगळं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. लोक यापेक्षा मोठमोठं खोटं बोलून निवडून येतात. पण माझ्या तोंडातून ते निघेना.

"नाही मानत," मी म्हटलं. "ज्याला नको असेल त्याला मी मणी कापून देते. फुकट."

वहिनीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, लागलं आता मोबाइलवाल्याचं काउंटर. पण ती बाई खूश झाली. दोन चांदण्या पुढे केल्या.

"ही माही. हिच्यातला राहू दे. अन् ही सुनेची, हिच्यातला काढ."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी विक्री म्हणणार नाही, ती गावजत्रा होती. कोणाचा मणी ठेवायचा आणि कोणाचा काढायचा, यावर नणंदा, जावा, विहिणी यांचे जुने हिशेब टेबलावर आले. एकीने आपल्या चांदणीत दुसरा काळा मणी मागून बसवून घेतला, "आमच्या गल्लीतली लोकं तुमाले मालूम नाही." मी कात्री घेऊन बुद्धिवादाच्या बाजूने कापत होते, वहिनी परंपरेच्या बाजूने ओवत होती, आणि माल दोन्हीकडून जात होता. गुंडाळायला कागद तोच. माझं पत्रक. लोक वाचत होते, हसत होते, घडी घालून पर्समध्ये ठेवत होते. स्टँडवर मी वाटते तेव्हा पत्रक हातात पडून नालीत जायला माणसाला चार पावलं लागतात. त्या दिवशी ते दागिन्याभोवती गुंडाळून घरोघर गेलं. हा माझ्या लेखनाचा विजय म्हणायचा की टरफलाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऊन उतरायला लागल्यावर दादा आला. काखेत रिकामं पोतं.

"पोतं काऊन आणलं?" मी विचारलं.

"माल न्याले."

वहिनीने टेबलावरचं फडकं उचलून झटकलं. खाली काही नव्हतं. दादाने टेबलाखाली बघितलं. खोका उलटा करून बघितला. मग पोत्याची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. सिस्टर म्हणाल्या, "पोतं आणलंच आहे तं माह्या बरण्या ने रिक्षापर्यंत. जलमताना तू पायाकडून आला होता, लक्षात आहे नं? तुह्या मायले लय त्रास देला." दादाने बरण्या नेल्या.

मोबाइलवाला नाताळ झाल्यावर आला. दादाने त्याला ओसरीत चहा दिला, हवापाण्याचं बोलला, आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "खोली रिकामी नाही, भाऊ." बस, एवढंच. वहिनी आतून ऐकत होती. मला कळलं, कारण काचपेपरचा आवाज थांबला होता आणि मग परत सुरू झाला.

त्यानंतर मी खोलीत गेले तर कडीला एक चांदणी टांगलेली. चांगली मोठी, पाच पाकळ्यांची, आणि तिच्यात लाल मणी एकही नाही. सगळे काळे. माझ्या घराच्या दारावर, रस्त्याकडे तोंड करून, माझ्या गटातले सगळे येताजाता बघतील अशी.

"वहिनी, हे काय?"

"खोलीले."

मी कात्री मागितली. तिने काचपेपर घासता घासता मांडी थोडी उचलली, कात्री खाली सारली आणि परत नीट बसली.