डावीकडची आखूड पेंढी

टाकवे बुद्रुकला आमची भातशेती आहे. ती थोरला भाऊ बघतो. मी तळेगावात राहतो आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. स्फटिकाच्या आत अणू कसे रचलेले असतात ते क्ष-किरणांनी शोधायचं आणि त्या रचनेवरून नवे पदार्थ घडवायचे, यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. सुरुवातीला मी काचेच्या कुपीत स्फटिक वाढवायचो. एकेकाला दोन-दोन महिने लागत, आणि कुणी टेबलाला धक्का दिला तर माझा जीव जायचा. पुढे मी झिओलाइटकडे वळलो. या खनिजाच्या आत अतिशय बारीक पोकळ्या असतात. त्यांत पाणी धरून राहतं आणि तापवलं की निघून जातं. असं खनिज आमच्या मावळच्या काळ्या पाषाणात ठिकठिकाणी सापडतं, हे मी पुस्तकात वाचलं. लहानपणापासून त्याच पाषाणावर पाय आपटत फिरलो होतो, पण कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं.

भावाने विहीर खोल करायला काढली त्या उन्हाळ्यात मी रविवारी गावी गेलो होतो. सुरुंग लावून झाले होते आणि बायका दगड वर काढत होत्या. त्यांत वरच्या वाडीच्या एक मावशी होत्या. आमच्या लावणीला त्या पूर्वीपासून यायच्या. मी शाळेत असताना मला अरेतुरे करायच्या, नोकरी लागल्यावर आपणहून 'तुमी' म्हणायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पदरात गुंडाळलेला एक दगड मला दाखवला.

हाताच्या पंजाएवढा काळा खडक, मागची कड भिंतीसारखी उंच, आणि तिच्यापुढे उभे दोन पांढुरके स्फटिक. मध्ये आवळून बांधल्यासारखे बारीक, वर पसरलेले. थेट भाताच्या पेंढ्या, एक लांब, एक आखूड. असे स्फटिक मी बरेच पाहिले होते, पण यांच्या बुडाशी हिरवी झाक होती. ती झाक पाहून माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. आत एखादा वेगळा धातू बसला असेल, रचना नवी असेल, तर ती मी प्रथम सांगणार.

मी मावशींकडे दगड मागितला. त्या लगेच द्यायला तयार नव्हत्या.

"इतक्या हिरी खांदल्या भाऊ, पर घरी कदी काय न्हेलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "ह्यो न्हेनार हाय. तुमी बगा, पर परत आना."

मी म्हणालो की चिमूटभर पूड पुरते, तीही कडेची घेईन, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. त्यांनी दगड पुन्हा एकदा न्याहाळला आणि माझ्या हातात दिला.

प्रयोगशाळेत मी कडेला पातं लावलं. या खनिजाला एका दिशेने सहज चीर जाते, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवतो. तरी घाईत पातं जोरात दाबलं. आखूड पेंढी उभी फाटली. मग मनात आलं, नमुना तुटलाच आहे तर सगळाच वापरू, पाणी किती धरतो तेही मोजता येईल. मी दुसरी पेंढीही खडकावरून उतरवली आणि दोन्ही खलात घालून कुटल्या. अपघात पहिल्या पेंढीपुरताच होता. दुसरी मी शांत डोक्याने कुटली.

हाती काही लागलं नाही. क्ष-किरणांचा आलेख नेहमीच्या खनिजाशी तंतोतंत जुळला. हिरवी झाक म्हणजे नुसती हिरवट मातीची पुटं होती, ब्रशने घासली असती तर निघाली असती. ती मोजमापं मी तुलनेसाठी एका लेखात वापरली. नमुना कुठून आला त्या रकान्यात लिहिलं, 'मावळ परिसर, लेखकाने गोळा केलेला'. लिहिताना हात अडखळला नाही.

मावशींनी भावाकडे दोनदा विचारणा केली. तेव्हा मी लोणावळ्याला गेलो. तिथे चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत एक जण पर्यटकांना रंगीत दगड विकतो. माझ्या पेशाची नजर पणाला लावून मी त्याच्या दुकानातल्या फळ्या धुंडाळल्या आणि तसाच काळा खडक, तशाच दोन पेंढ्या, एक लांब, एक आखूड, असा नमुना शोधून काढला; बुडाची हिरवी झाक तेवढी नव्हती. दुकानदार म्हणाला, साहेबांना पारख आहे. मला तेव्हा बरंही वाटलं.

वाडीवर पोचलो तेव्हा मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी हात पुसून दगड घेतला, एकदाच फिरवला.

"ह्यो माजा न्हाई."

मी सांगितलं की यंत्रात घातल्यावर रंग उतरतो. असं कुठलंही यंत्र नाही.

"रंग उतरंल," त्या म्हणाल्या. "पर माज्यात आखूड पेंढी डाव्या अंगाला व्हती. ह्याच्यात उजव्या. ती हिकडची तिकडं कशी जाईल?"

आरशातल्या प्रतिमेसारखा डावा-उजवा फरक ओळखणं हा माझ्या विषयाचा पहिला धडा. दुकानात मी लांबी बघितली, आकार बघितला, तेवढं बघायचं राहिलं. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "मावशी, इतक्या दिवसांनी तुम्हाला नीट आठवत नसेल."

त्या म्हणाल्या, "व्हय, आसंल." आणि दगड घेऊन आत गेल्या.

ते 'आसंल' मला पुढे महिनोन्महिने ऐकू येत राहिलं. शिकवताना फळ्यावर डावी-उजवी आकृती काढायची वेळ आली की मी खडू एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायला लागलो. शेवटी पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, भातकापणी चालू असताना, मी पुन्हा वाडीवर चढलो आणि मावशींना सगळं सांगितलं. दुकानाचंही सांगितलं.

"मंग माज्याचं काय क्येलं?"

"पीठ केलं."

"काय घावलं त्यात?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या आत गेल्या, लोणावळ्याचा तो दगड आणला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर धूळ नव्हती, म्हणजे त्या तो पुसत असणार.

"ह्यो बी कुनीतरी हिरीतनं नायतर खानीतनं काडला आसंल," त्या म्हणाल्या. "त्याचा त्याला द्या."

त्याचा धनी मला कुठून सापडणार, हे त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. मी दगड घेतला. लेखातली ती ओळ दुरुस्त करायला संपादकांना पत्र लिहायचं ठरवलं होतं, मसुदाही केला, पण त्यात मावशींचं नाव घालायचं तर ते का आधी घातलं नाही हेही लिहावं लागणार होतं. तो मसुदा अजून तसाच पडून आहे.

त्या दिवशी खाली घरी आलो तर भाऊ ओट्यावर बसला होता. भर कापणीत वाडीवर काय काढलंस, असं त्याने विचारलं. खांद्याच्या पिशवीत दगड होता. मी म्हणालो, काही नाही, सहज पाय मोकळे करायला गेलो होतो.