शेरू कण्हत नव्हता

मैत्रिणींनो, आत्ताच अमरावतीहून मोर्शीला परत आले. माझ्या कुत्र्याला, शेरूला, जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

मोटारसायकलच्या धक्क्याने त्याचा पुढचा पाय लोंबकळायला लागला. मुरगळला असेल समजून मी रोज तेल चोळलं, निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. तो कण्हायचा थांबला, तेव्हा शेजारच्या सकीनाभाभी म्हणाल्या, "देखा, आराम पडला त्याले." मलाही तसंच वाटलं.

आज डॉक्टरांनी चिमट्याने पंजाचं एकेक बोट दाबलं. शेरू शांतपणे माझ्याकडे पाहत राहिला.

"काकू, त्याले दुखून नाही राहिलं, हेच वाईट आहे. स्नायूसंगं नसेलेही मार बसला."

आतलं शेवटचं बोट दाबल्यावर मात्र तो गुरगुरला.

"थोडा जीव आहे. थांबून पाहू. नाही तर पाय काढावा लागीन."

तोवर त्याला बांधून ठेवायचं, पंजा घासू द्यायचा नाही. अकोल्याची लेक म्हणते, "आई, तू इकडं ये." कशी जाऊ? दाराला कडी लावून दोघं बसलो आहोत. तो गुरगुरेल म्हणून मी पुन्हापुन्हा त्याचं बोट दाबून पाहते.

तुमच्यापैकी कोणाच्या कुत्र्याची नस परत जागी झाली का? किती वाट पाहिलीत?