खळ्यावरचं जाळं आणि सात अंडी

दादाचं नवं कोरं जाळं तेहतीस दिवस पाण्यात उतरू शकलं नाही, आणि याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

घटनाक्रम असा. आमची भातखाचरं डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहेत. खाचरांच्या वरच्या अंगाला, जरा उंचावर, आमचं खळं होतं. पावसाळ्यात तेही बुडतं, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेट होऊन वर येतं. लग्नाच्या मांडवाएवढं असेल. शेत गेल्यापासून माझा थोरला भाऊ त्याच पाण्यात मासे धरतो. पण खळ्याचा मान त्याने सोडलेला नाही. पूर्वी नवं धान्य आधी खळ्यावर पडायचं, मग घरात यायचं. आता धान्य नाही, म्हणून नवं जाळं आधी खळ्यावर पसरायचं, कडांना दगड ठेवायचे, तीन रात्री मातीवर राहू द्यायचं आणि मगच पाण्यात सोडायचं. या नियमाला आमच्या घराबाहेर कुठेही आधार नाही. (मी चौकशी केली आहे.)

एप्रिलमध्ये जाळं असं पसरून दादा आणि वहिनी जुन्नरला माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले. तीन दिवसांत परतायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी दादा पिशवी भरू लागला तेव्हा मी म्हणालो, "सारखं काय धरण धरण? मासे कुठे पळून चाललेत? राहा की दोन दिवस!"

"मासं न्हाई पळत, बापू. दिवस पळत्यात. पाऊस लागला की मासेमारी बंद. कमाईचे दिवस हेच हायेत."

तरी माझा शब्द मोडवेना म्हणून तो राहिला. सहाव्या दिवशी निघाला, तर एसटी आलीच नाही. सातव्या दिवशी पोहोचला आणि दुपारी त्याचा फोन आला.

"बापू, जाळ्यात अंडी हायेत."

"माशांची?"

"पाखरांची, येड्या! सात हायेत!"

मी एका दैनिकाचा वार्ताहर आहे. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सहाचे सात होऊ द्यायचे नाहीत, ही माझी सवय. दुसऱ्या दिवशी वही, पेन आणि छत्री घेऊन मी डिंभ्याला हजर झालो. दादाची होडी म्हणजे थर्माकोलच्या तुकड्यांना प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून बांधलेला तराफा. त्यावर दीड माणूस बसतं. दादा एक होता, अर्धा मी.

खळ्याला तराफा टेकला आणि आभाळ फाटलं! करड्या पाठीचे, काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पाच-सहा पक्षी किंचाळत थेट डोक्यावर आले. पुस्तकात या पक्ष्याला नदी सुरय म्हणतात. (पुस्तकात तो शांत बसलेला असतो.) मी छत्री उघडली. एकाने छत्रीवर झडप घातली, मी दचकून मागे झालो, वाऱ्याने छत्री उलटी झाली आणि तिच्यासकट मी गुडघाभर पाण्यात बसलो. वही मात्र उंच धरली होती. एका पक्ष्याने नेम धरून तिच्यावर आपली पांढरी प्रतिक्रिया नोंदवली.

"मोजली का?" दादाने तराफ्यावरूनच विचारलं.

मोजली होती. जाळ्याच्या घड्यांमध्ये, कडांना ठेवलेल्या दगडांच्या आडोशाने, तीन ठिकाणी. दोन, दोन आणि तीन. मातीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. जाळं उचलायचं तर एकही वाचली नसती.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. दादाचं म्हणणं सरळ होतं. जुनं जाळं फाटून चिंध्या झालंय, नवं अडकलंय, पाऊस दीड-दोन महिन्यांवर आलाय. "अंडी हळूच बाजूला ठिवतो नि जाळं काढतो."

वहिनी भाकरी थापता थापता थांबली. "काय म्हनालात?"

"बाजूला म्हंजे लई लांब न्हाई."

"आपल्या खळ्यावर आली, आपल्या जाळ्यात बाळंत झाली. माहेरवाशीण हाय ती! बाळंतिणीचं अंथरूण बाराव्याच्या आधी कोन वढतं का?"

दादाने मनात हिशेब केला. बारा दिवस. तोंड वाकडं केलं, पण मान हलवली. प्रश्न मिटला होता. तो मिटू द्यायला हवा होता.

"एक दुरुस्ती," मी म्हणालो. "अंडी घालणं म्हणजे बाळंतपण नव्हे. एका पक्षी बघणाऱ्या मास्तरांना मी फोन केला होता. अंडी फुटायलाच तीन आठवडे लागतात. बारावं धरायचं तर त्यानंतर."

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली. "बरं झालं भावजी, सांगितलंत. मंग तीन आठवडे आनि वर बारा दिवस."

दादा माझ्याकडे वळला. "तुला कुनी इचारलं व्हतं का रं?"

त्या रात्री वहिनीने मला भाकरी मोठी वाढली. पण कालवणातला मासा मात्र दादाने आपल्याच ताटात ठेवला.

अपराधी वाटून मी दर रविवारी जाऊ लागलो. दादा तोवर गळ टाकून मासे धरत होता. शेजारची माणसं काठावरून विचारायची, "काय राव, पाखरांची खानावळ काढली का?" दादा फक्त सुरय कुठे सूर मारतात ते बघायचा. जिथे ते पाण्यात पडत, तिथे बारीक मासळी असे. आणि बारीक मासळीखाली तिला खायला आलेली मोठी. तिथेच तो गळ सोडायचा. दिवसाला तीन-चार मरळ मिळत. जाळ्याची भरपाई त्यात होत नव्हती, पण चूल पेटत होती.

"एकाच धंद्यातलं हाय ते," एकदा दादा गळाकडे बघत पुटपुटला. "फकस्त त्याला जाळं लागत न्हाई."

मग कालव्याचं आवर्तन सुटलं. धरणातून पाणी सोडल्याची बातमी मीच दिली होती. किती गावांना लाभ होणार तेही लिहिलं होतं. धरणातलं पाणी खाली गेलं की आमच्या खळ्याचं काय होणार, हे बातमीत नव्हतं. कारण माझ्या डोक्यातही नव्हतं! पुढच्या रविवारी गेलो तर बेट उरलंच नव्हतं. काठापासून खळ्यापर्यंत चिखलाची एक वाट उघडी पडली होती, आणि वाडीवरची चार कुत्री त्या वाटेच्या तोंडाशी जिभा काढून बसली होती.

दादा घरात गेला, जुनं जाळं घेऊन आला. तेच, चिंध्या झालेलं. निदान कडेने तरी टाकू म्हणून त्याने ते रोज थोडं थोडं विणत आणलं होतं. चिखलाच्या वाटेवर आडव्या ओळीत बांबू ठोकून त्याने ते कुंपणासारखं बांधलं. एक टोक त्याने बांधलं, दुसरं मी. म्हणजे आता नवं जाळं बाळंतिणीखाली आणि जुनं तिच्या दाराशी.

"आता हातात काय राहिलं?" मी विचारलं.

"गळ," दादा म्हणाला. "आनि तू."

त्यानंतरचा रविवार. हिशेबाने अंडी फुटायची वेळ झाली होती आणि मला पहिली खात्रीची नोंद हवी होती. दादा-वहिनी गळ घेऊन धरणाच्या पलीकडच्या फाट्यात गेलेली. तराफा नव्हता, पण चिखलाची वाट वाळत आली होती. चोचींचा अनुभव असल्याने मी वहिनीचं घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि सकाळी नऊच्या उन्हात निघालो. नायलॉनचं जाळं उन्हात दिसत नाही. आपण स्वतः बांधलेलं तर लक्षातही राहत नाही!

आधी पाय अडकला. तो सोडवायला वाकलो तर हात अडकला. हात ओढला तर बांबू उपटून आला आणि सगळं कुंपण माझ्याभोवती गुंडाळलं गेलं. मी आडवा झालो. घमेलं घरंगळत गेलं. काठावरची चारही कुत्री उठून उभी राहिली. मी भुंकून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसली.

सुरय पाच मिनिटं डोक्यावर ओरडत होते. मी हललो की ओरडत, थांबलो की शांत होत. शेवटी मी थांबलो. ते एकेक करून खाली उतरले, आणि माझ्यापासून वीस पावलांवर पुन्हा आपापल्या जागी बसले.

पुढचा एक तास मी जमिनीच्या पातळीवरून जे पाहिलं ते आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं. ऊन तापलं तशी एक मादी उठली, उडत पाण्यापर्यंत गेली, पोट पाण्याला टेकवत टेकवत उडाली आणि परत येऊन ओल्या पिसांसह अंड्यांवर बसली. दहा मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. ती अंडी गार ठेवत होती. नर चोचीत बोटाएवढा मासा घेऊन आला आणि तिच्यासमोर मान झुकवून उभा राहिला. तिने मासा घेतला नाही. ती पोटाखाली बघत होती. ती जरा बाजूला सरकली तेव्हा जाळ्याच्या हिरव्या दोऱ्यांमध्ये मातीचं एक ढेकूळ हललं. ढेकळाला चोच होती. ओलं, थरथरतं, मुठीत मावेल एवढं. आणि जिथे आमच्या आजीने भात झोडपला होता त्याच मातीवर ते पहिल्यांदा उभं राहायचा प्रयत्न करत होतं. पडलं. पुन्हा उठलं. माझ्या तोंडात चिखल होता, पाठ भाजत होती, आणि मला हलायची अजिबात इच्छा नव्हती.

"भावजी!" पाण्याकडून वहिनीचा आवाज आला. "हलू नका! जाळं फाटंल!"

"हळू बोला," मी कुजबुजलो. "पिल्लू झालंय."

वहिनीने पदर डोक्यावर घेतला आणि तराफ्यावरूनच हात जोडले. दादाने वाकून पाहिलं. मग चिखलातून सरपटत माझ्याजवळ आला आणि एकेक गाठ सोडवू लागला. कापली एकही नाही. मोठा कटला अडकला की जशी शेपटीकडून सुरुवात करतात तशीच त्याने माझ्या पायांकडून केली.

"किती मोजलीस?"

"एक."

"लिव्हून घे मंग," दादा म्हणाला.

कुंपण पुन्हा उभं राहिलं, आणि सातांपैकी सहा अंडी फुटली. बाराव्याला वहिनीने काठावर गूळ-खोबरं ठेवलं (ते कुत्र्यांनी खाल्लं). पिल्लं तोवर पाण्याच्या कडेला पळत होती. तेहतीस दिवस पुरे झाल्यावर दादाने नवं जाळं उचललं आणि चौतिसाव्या दिवशी पाण्यात सोडलं. पाऊस लागायला तीन आठवडे होते.

शेवटी अचूकतेसाठी एक नोंद. त्या उन्हाळ्यात दादाच्या दोन्ही जाळ्यांत मिळून सापडलेला सर्वांत मोठा जीव अडुसष्ट किलोचा होता. बाजारात त्याला मागणी नसल्याने, आंघोळ घालून, दुपारच्या एसटीने त्यास जुन्नरला सोडून देण्यात आलं.