फडके बांधलेले होते

कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी आजही रविवारी जातो. मराठी पुस्तक तेथे क्वचितच सापडते. सापडले, की ते उचलून "अरे, हे बघ" म्हणायला शेजारी कोणी नसते. कचेरीतला माझा मित्र, माझ्यासारखाच मूळचा मराठवाड्याचा, वीस वर्षे तेथे माझ्याबरोबर हिंडला. या शहरात मला 'तू' म्हणणारा तो एकटाच होता.

मलकपेठेत माझ्या घराचे बांधकाम चालू होते. स्लॅबच्या सळया ट्रकमध्ये भरून होईतो दिवस कलला. सळया ट्रकच्या मागे पाच-सहा फूट बाहेर आल्या होत्या.

"साब, पीछे की बत्ती नै जलरी," ड्रायव्हर म्हणाला. "सुबू लेके जाते ना."

"सुबू कारीगर आते. लाल कपडा बांधके चलो," असे म्हणून सळयांच्या टोकांना लाल फडके मी स्वतःच्याच हाताने बांधले आणि पुढे केबिनमध्ये जाऊन बसलो.

सळया उतरवताना मदतीला म्हणून मित्र कचेरीतून परस्पर स्कूटरवर निघाला होता. पुढचा ट्रक आमचाच, हे त्याला ठाऊक नव्हते. एका वळणावर ट्रक थांबला आणि सळई त्याच्या उजव्या डोळ्यात शिरली. तोवर अंधार पुरता पडला होता.

मित्राने लावलेल्या भरपाईच्या दाव्यात ट्रकमालकाने मला साक्षीला बोलावले. बत्ती चालू होती, असे ड्रायव्हर आधीच सांगून गेला होता.

"लाल फडके बांधलेले होते?" वकिलाने विचारले.

"होते."

"तुम्ही पाहिले होते?"

"पाहिले होते."

दोन्ही उत्तरे खरी होती. बत्तीविषयी मला कोणी विचारले नाही आणि मीही तोंड उघडले नाही. उघडले असते, तर जबाबदारीत माझेही नाव आले असते. स्कूटरस्वाराने पुरेसे अंतर राखले नाही, निम्मा निष्काळजीपणा त्याचाच, असा निकाल लागला. मित्र रविवारी यायचा थांबला. रागावला असेल, असे मी धरून चाललो; ते धरून चालणे सोयीचेही होते.

नऊ वर्षांनी, या उन्हाळ्यात, मी त्याच्या घरी गेलो.

"बसा," तो म्हणाला. आत बायकोला हाक मारून म्हणाला, "चहा टाक गं, पाहुणे आलेत."

मी उभाच राहिलो. "बत्ती बंद होती," मी म्हणालो. "ड्रायव्हर सकाळी जाऊ म्हणत होता, मीच ऐकलं नाही. त्या अंधारात ते फडकं कुणालाच दिसलं नसतं."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी स्कूटर विकली," तो म्हणाला. "नातीला हाताशी धरून रस्ता ओलांडायचंही सोडलं. फडकं होतं आणि मलाच दिसलं नाही, असं धरून चाललो होतो. तुम्ही सांगितलंत म्हणजे ते असणारच ना."

चहा आला. आम्ही तो प्यालो. मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते.

"सावकाश जा," तो म्हणाला.

'तू'लाही 'जा'च म्हणतात आणि 'तुम्ही'लाही 'जा'च. त्याने कोणते म्हटले, ते विचारायचे धाडस मला झाले नाही.